सकाळी सातला नूडल्सची रांग : आंग मो किओतली गाजलेली बाक चोर मी

बिरडं | शनिवार, दुपारी १२:१०

मंडळी, गेले दोन महिने सिंगापुरातल्या आमच्या आंग मो किओच्या हॉकर सेंटरातला (हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखालचे खाण्याचे गाळे) एक नूडल्सचा गाळा भलताच गाजतोय. कुणीतरी व्हिडिओ टाकला, तो फिरत फिरत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तीन वेळा आला. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी सातलाच रांग खांबाला वळसा घालून फळवाल्यापर्यंत पोचलेली असते. मी सिंगापुरात अकरा वर्षं राहते. भाजी घेऊन येताना त्या गाळ्यावरूनच घरी जाते, पण तिथे कधी खाल्लं नव्हतं. सकाळी उठून नूडल्स, ही कल्पनाच पोटाला पटत नव्हती. न्याहारी म्हणजे पोहे, उपमा, फार तर काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला) आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी. आज शेवटी गेले. दोनदा खाल्लं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पदार्थ काय ते सांगते. 'बाक चोर' म्हणजे डुकराचा खिमा आणि 'मी' म्हणजे गव्हाच्या नूडल्स. मूळचा तिओच्यू लोकांचा पदार्थ. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून जे लोक पिढ्यांपूर्वी इथे आले, त्यांच्यातले हे एक. बाऊलमध्ये तळाला सॉस असतो : काळा व्हिनेगर, सोया, तिखटाचं वाटण आणि चरबीचं तेल. त्यावर नूडल्स. वरून खिमा, मांसाचे पातळ काप, कलेजी, सोयात शिजवलेले शिटाके मश्रूम, चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे आणि काही ठिकाणी सुकवून तळलेल्या माशाचे तुकडे. सुपाची वाटी वेगळी. नूडल्स दोन तऱ्हेच्या मिळतात : चपट्या फितीसारख्या त्या 'मी पोक' आणि बारीक गोल त्या 'मी किआ'. पहिल्यांदा जाणाऱ्याने मी पोक, ड्राय, चिलीसकट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चपट्या नूडल्सना सॉस जास्त धरतो.

सात वाजून पाच मिनिटांनी रांगेत उभी राहिले. पुढे एकोणीस माणसं. माझा नंबर लागायला पन्नास मिनिटं लागली, कारण एकजण चार-चार बाऊल सांगतो आणि नूडल्स उकळणारा हात एकच आहे. साठीच्या पुढचे अंकल. बायको पैसे घेते, कांदापात चिरते, बाऊल मांडते. पन्नास मिनिटं मी त्यांचा हातच बघत होते. जाळीच्या झाऱ्यात एका बाऊलपुरत्या नूडल्स मोकळ्या करून टाकायच्या, झारा उकळत्या पाण्यात, लांब काड्यांनी दोन-तीनदा ढवळायचं. वर काढून शेजारच्या गार पाण्याच्या भांड्यात बुचकळायचं. परत उकळत्या पाण्यात, जेमतेम चार-पाच सेकंद. मग झारा हवेत झटकून कडेवर आपटायचा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात, आणि थेट सॉसवर. गार पाण्याने नूडल्सवरचा चिकट पिठूळपणा धुऊन निघतो आणि शिजणंही तिथल्या तिथे थांबतं. दुसऱ्यांदा उकळत्या पाण्यात जातात त्या फक्त गरम व्हायला. पन्नास मिनिटांत त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, आणि एकदाही घाई केली नाही. रांग एवढी असताना घाई न करणं सोपं नाही हो.

पाच डॉलर दिले, बाऊल घेतलं, जागा शोधली. तिथे माझी चूक झाली. फोटो काढले. वरून, बाजूने, सुपासकट. मग नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. तोवर नूडल्स एकमेकींना चिकटून एकच गोळा झालेला. तळाचा सॉस तळालाच राहिला, वर फिक्या नूडल्स. चव बरी होती, पण यासाठी पन्नास मिनिटं? मी खरंच खट्टू झाले.

माझ्या टेबलावर एक आजी बसल्या होत्या, इथल्याच. त्यांनी माझ्या बाऊलकडे बघितलं आणि काड्यांनी हवेत ढवळून दाखवलं. मग स्वतःचं बाऊल आलं तेव्हा पुढे सरकवून दाखवलं : टेबलावर टेकायच्या आत काड्या तळाशी घालायच्या, नूडल्स खालून वर उचलायच्या, चार-पाच वेळा, सगळ्या तपकिरी होईपर्यंत. आणि लगेच तोंडात. मधे सुपाचा घोट. आजींचं बाऊल सहा-सात मिनिटांत रिकामं झालं, त्यांनी ट्रे उचलला, जागेवर ठेवला आणि गेल्या.

मी परत रांगेत उभी राहिले. नऊ वाजले होते, रांग निम्मी झाली होती, पंचवीस मिनिटांत नंबर आला. या वेळी फोन पिशवीतच ठेवला. आजींनी दाखवलं तसं केलं. काय सांगू! पहिल्याच घासाला व्हिनेगरचा आंबटपणा नाकात जातो, मागून तिखट, आणि नूडल्सना असा काही चावा की दाताखाली किंचित उलटून येतात. कलेजी आतून जरा गुलाबी, मऊ. चरबीचा एखादा तुकडा मधेच कुर्रकन फुटतो. हे सगळं चार-पाच मिनिटंच टिकतं. त्यानंतर ते दुसरंच काहीतरी असतं.

गवगवा खरा आहे, हे माझं मत. पण तो पदार्थ न्याहारीसारखा खाल्ला पाहिजे. गरम, भराभर, आणि उठून दुसऱ्याला जागा द्यावी.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. रांगेत असताना आँटींनी, म्हणजे अंकलच्या बायकोने, तीन बाऊल भरून मागच्या टेबलांवर नेऊन दिले. रांगेतल्या कुणाचेच नव्हते ते. माझ्या पुढचा मुलगा चिडला, मोठ्याने बोलला. मीही मनातून चरफडले. नंतर कळलं की त्या आजींचं बाऊलही तसंच रांगेबाहेर आलं होतं. तुमचं काय मत?

---

तिखटमीठ | शनिवार, दुपारी १:०२

वर्णन झकास, पण पन्नास मिनिटं रांग न्याहारीसाठी मला पटत नाही. तीही उपाशीपोटी. माझी शिफ्ट रात्रीची असते, सकाळी सहाला सुटतो. मी कोपऱ्यावरच्या कुठल्याही गाळ्यावर मी पोक घेतो, तीन मिनिटांत हातात येतं, आणि दहापैकी आठ वेळा उत्तम असतं. गाजलेला आणि न गाजलेला यात चवीचा फरक उन्नीस-बीस, रांगेचा फरक मात्र पन्नास मिनिटांचा.

हे प्रकरण सुरू कुठून झालं तेही सांगतो. मिशेलिन या हॉटेलांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेने सिंगापूरची पहिली यादी २०१६ साली काढली, त्यात दोन हॉकर गाळ्यांना तारा मिळाला. एक सोया सॉसमधल्या कोंबडीचा आणि दुसरा बाक चोर मीचाच, हिल स्ट्रीट ताय ह्वा, १९३२ पासूनचा. तेव्हापासून लोक हॉकर सेंटरात जेवायला कमी आणि यादीवर खूण करायला जास्त येतात असं मला वाटतं.

---

सोलकढी | शनिवार, दुपारी १:३०

सकाळी नूडल्स पोटाला पटत नाहीत असं कसं म्हणता, बिरडं? शेवयांचा उपमा काय असतो मग? आमच्या मालवणात तर शिरवळ्या आहेत. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. माझी आजी दाबायला बसायची तेव्हा साच्याच्या दांड्यावर आम्ही दोघी नाती लोंबकळायचो, एवढा जोर लागायचा. त्या तारा पडल्या पडल्या नारळाच्या दुधात, गुळाच्या गोड रसात. आणि नियम तोच! शिरवळी गार झाली की तिचा गठ्ठा होतो. आजी सगळ्यांना आधी पाटावर बसवायची आणि मगच साचा हातात घ्यायची. माणसांनी शिरवळीसाठी थांबायचं, शिरवळी माणसांसाठी थांबत नाही, असं ती म्हणायची. तुमचा फोटोंचा किस्सा वाचताना तिचाच आवाज ऐकू आला.

---

खारवलेली_मिरची | शनिवार, दुपारी २:१५

तो 'दाताखाली उलटून येणारा चावा' क्षारामुळे येतो. या नूडल्सच्या कणकेत क्षारपाणी घालतात, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेटचं. आपला पापडखार त्याच कुळातला. क्षाराने गव्हातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि पिठातल्या नैसर्गिक रंगद्रव्यांना पिवळी छटा येते, म्हणून अंडं नसतानाही या नूडल्स पिवळ्या दिसू शकतात. पापड लाटणाऱ्या घरात वाढलेल्यांना कच्च्या नूडल्सचा वास ओळखीचा वाटेल. पापडाच्या लाटीला येतो तसाच किंचित साबणासारखा. तो वास नीट धुतला गेला नाही तर बाऊलमध्ये उतरतो. गार पाण्यात बुचकळण्याने तोही कमी होतो. म्हणजे अंकल तिथे चार सेकंद वाचवायला गेले तर नुकसान दुहेरी.

---

घोसाळं | शनिवार, दुपारी ४:४०

वाचतेय आणि वाईट वाटतंय. मी शाकाहारी, चार महिन्यांपूर्वीच पुंगोलला राहायला आलेय. हॉकर सेंटरात गेलं की सगळीकडून वास येतात, लोक खात असतात, आणि मी कोपी घेऊन परत येते. आमच्यासारख्यांनी सकाळी काय खावं? लिटिल इंडियाला जाऊन डोसा, हे उत्तर नको. ते माहीत आहे. मला इथल्या लोकांसारखं, त्यांच्या मधे बसून खायचंय.

---

राजगिरा | शनिवार, रात्री ८:२५

घोसाळं, तुम्ही अगदी योग्य गावात आला आहात. बसा, सांगतो. एकवीस वर्षं इथे शाकाहारी राहून खातोय.

बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरात आणि पुष्कळशा कोपीटिआममध्ये (कॉफीच्या दुकानांत) एक शाकाहारी गाळा असतो. चिनी अक्षरात 素 असं लिहिलेलं दिसेल, त्याचा उच्चार 'सू'. हे एक अक्षर ओळखायला शिका, बाकी काही नको. तिथे सकाळी 'वेजिटेरियन बी हून' मिळतं. बी हून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, सोलकढींच्या शिरवळ्यांच्या मावसबहिणीच. सोयात परतलेल्या, कोबी आणि मोडांसकट. त्यावर तुम्ही बोट दाखवाल ते : तळलेल्या टोफूचे चौकोन, सोयाबीनच्या दुधावरच्या सायीच्या घड्या करून तळलेलं 'गूझ', गव्हाच्या ग्लुटेनचं लालसर 'चार सिउ'. नावं मांसाची, आत फक्त सोया आणि गहू. बाजूला चमचाभर तिखट. सगळं मिळून तीन-चार डॉलर. सातपासून मिळतं, बऱ्याच ठिकाणी दहाच्या आत परात रिकामी.

आता गंमत ऐका. हे गाळे बौद्ध परंपरेतले असतील तर तिथे कांदा-लसूणही नसतो. त्यांच्यात पाच उग्र गोष्टी वर्ज्य : लसूण, कांदा, त्यांच्या जातीच्या दोन पाती, आणि पाचवी गोष्ट हिंग! आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडला की हिंगावरच सगळी भिस्त असते, त्यांनी तोही सोडलाय. आमच्या आई इथे आल्या होत्या, चातुर्मास कडक पाळतात. परदेशात महिनाभर काय खाणार म्हणून घाबरून दोन डबे भरून भाजणी आणली होती. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी मला घेऊन त्या गाळ्यावर जायच्या. तिथल्या आँटी आणि आमच्या आई, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. तरी आईंना टोफूचा कुठला तुकडा आवडतो ते आँटींना पाठ झालं होतं.

दोन सूचना. काही शाकाहारी गाळ्यांवर अंडं वापरतात, चालत नसेल तर 'नो एग' असं आधी सांगा. आणि शेजारच्या साध्या गाळ्यावर 'इकॉनॉमिक बी हून' म्हणून अगदी तसंच दिसणारं मिळतं, ते शाकाहारी नव्हे. त्याच परातींच्या रांगेत फिशकेक आणि तळलेली कोंबडी असते.

रांगेबद्दल : चिनी पंचांगाच्या दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ बौद्ध आणि ताओपंथी लोक शाकाहार करतात. त्या सकाळी 素च्या गाळ्यासमोर जी रांग लागते, ती बिरडंच्या रांगेला मागे टाकेल. पहिला दिवस म्हणजे आपली अमावास्या, पंधरावा म्हणजे पौर्णिमा, क्वचित एखाद्या दिवसाचा फरक. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात बघून ठेवतो.

---

घोसाळं | शनिवार, रात्री ९:१०

राजगिरा, डोळ्यांत पाणी आलं खरंच. अक्षर वहीत काढून ठेवलंय.

---

आडवाटेवर | रविवार, सकाळी ७:५०

कामानिमित्त हनोईत दोन वर्षं होतो. तिथे सकाळी फोच्या (तांदळाच्या नूडल्सच्या सुपाच्या) दुकानात फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसून लोक खात असतात. कुणी गप्पा मारत नाही, बाऊल संपलं की उठतात. यांगूनमध्ये मोहिंगा, तांदळाच्या नूडल्स माशाच्या दाट रश्शात, तीही सकाळचीच. चीनमध्ये वूहानला तर न्याहारीसाठी स्वतंत्र शब्द आहे, 'ग्वो-झाओ', आणि तिळाच्या वाटणातल्या कोरड्या गरम नूडल्स लोक चालता चालता खातात. पहाटेपासून कामाला लागणाऱ्या माणसाला गरम, पोटभर आणि दहा मिनिटांत उरकणारं काहीतरी लागतं. आपल्याकडे मिसळीचा कट तेच काम करतो.

बिरडं, आँटींनी तीन बाऊल रांगेबाहेर दिले ते बरोबरच केलं, असं मला वाटतं. ती आजी व्हिडिओ यायच्या आधीपासून तिथे खात असणार.

---

तिखटमीठ | रविवार, सकाळी ९:३५

मला उलट वाटतं. रांग म्हणजे रांग. आज आजींना दिलं, उद्या ओळखीच्या माणसाला देतील, परवा जास्त पैसे देणाऱ्याला. रांगेतला तो मुलगा कदाचित बेडोकहून पहिली गाडी पकडून आला असेल. त्याने काय घोडं मारलंय?

---

बिरडं | रविवार, दुपारी ३:२०

तिखटमीठ, तुमचा मुद्दा वाचल्यापासून डोक्यात होता. म्हणून आज सकाळी परत गेले, खायला नाही, भाजीला. फळवाला मला ओळखतो, त्याला विचारलं.

तो म्हणाला, त्या आजी वरच्याच ब्लॉकमध्ये एकट्या राहतात आणि हा गाळा सुरू झाला तेव्हापासून आठवड्यातून तीनदा येतात. व्हिडिओ आल्यावर पहिल्या आठवड्यात रांग बघून परत गेल्या. दुसऱ्या आठवड्यातही. पाय दुखतात, तासभर उभं राहता येत नाही. मग आँटींनीच निरोप धाडला की येऊन नुसतं बसा. तशी चार-पाच म्हातारी माणसं आहेत. त्यांचे बाऊल तेवढे रांगेबाहेर देतात, बाकी कुणालाच नाही.

ही हॉकर सेंटरं कशी झाली ते आठवा. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळाचं पाणी, गटार आणि छप्पर मिळावं म्हणून १९७१ ते १९८६ च्या दरम्यान सरकारने ती बांधली, आणि बहुतेक घरांच्या पायथ्याशीच बांधली, ज्यांना रोज परवडणारं जेवण हवं त्यांच्यासाठी. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत इथली हॉकर संस्कृती गेली, तीसुद्धा लोकांनी एकत्र बसून खाण्याची जागा म्हणून. आम्ही व्हिडिओ बघून येणारे पाहुणे आहोत. आजी त्या घरातल्या आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाहुण्यांच्या पंगतीआधी वाढलं तर आपण बोलतो का?

त्या मुलावर राग नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. जाणार असाल तर हे लक्षात घ्या. शनिवार-रविवार टाळा, बुधवारी-गुरुवारी नऊनंतर जा, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत मिळतं. सोमवारी गाळा बंद. एकटे असाल तर टिश्यूचं पाकीट ठेवून चार जणांचं टेबल अडवू नका, कुणाच्या तरी समोर बसा. मलाही आजी तशाच भेटल्या. खाऊन झालं की ट्रे परत ठेवून उठा. २०२१ पासून तो नियमच आहे.

अंकलना मूल आहे, ते या धंद्यात येणार नाही, असंही फळवाला म्हणाला. इथल्या हॉकरांचं सरासरी वय साठीच्या आसपास आहे. पहाटे साडेतीनला उठून सूप चढवणारे हात कमीच होत जाणार. म्हणून गर्दी झाली याचं मला वाईट वाटत नाही. पैसे मिळू देत त्यांना.

---

तिखटमीठ | रविवार, संध्याकाळी ६:०५

फक्त मोजकी म्हातारी माणसं, हे माहीत नव्हतं. तसं असेल तर माझा विरोध नाही. पण गाळ्यावर एक पाटी लावावी, म्हणजे रांगेतल्यांना कळेल. मला चिनी लिहिता येत नाही, पण बायकोची मैत्रीण लिहून देईल. गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर येतो. आँटींना चालणार असेल तर पाटी घेऊनच येतो.

---

सोलकढी | सोमवार, सकाळी १०:१५

तिखटमीठ, पाटीवर खाली 'आधी ढवळा, मग फोटो' हेही लिहा.

---

घोसाळं | बुधवार, सकाळी ९:५०

धागा वर काढतेय. काल पौर्णिमा होती, मुद्दाम गेले. पावणेआठला पोचले तर 素च्या गाळ्यासमोरची रांग जिन्यापर्यंत. बहुतेक बायका, काहींच्या हातात फुलं आणि उदबत्त्यांची पिशवी, देवळातून येत होत्या किंवा निघाल्या होत्या. चाळीस मिनिटं उभी राहिले. बी हून, टोफूचे दोन तुकडे, कोबी आणि ते 'गूझ' घेतलं. सायीच्या घड्यांचं ते तळण बाहेरून पापडासारखं आणि आत पदर सुटलेलं होतं, चिरोट्यासारखं. फोटो काढला नाही. एका बाईंसमोर बसले, त्यांनी माझ्या ताटलीत त्यांच्या वाटीतलं तिखट न विचारता घातलं. तिखट होतं, पण संपवलं.

राजगिरा, एक विचारायचंय. आईंना आवडायचा तो टोफूचा तुकडा कुठला? काल सहा प्रकार मांडले होते.

---

राजगिरा | बुधवार, दुपारी १२:३०

त्रिकोणी, आत पोकळ असतो आणि रस धरून ठेवतो तो. डावीकडच्या दुसऱ्या परातीत असतो बहुतेक. सकाळी लवकर जा, तो आधी संपतो.